जुना गेम नव्या कन्सोलवर चालत नाही: दुरुस्तीवर खर्च करण्याआधीच्या तपासण्या

जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे या पट्ट्यातून माझ्याकडे दुरुस्तीला ‘ड्राइव्ह खराब’ म्हणून जे कन्सोल येतात, त्यांतल्या बऱ्याच कन्सोलांचा ड्राइव्ह, म्हणजे डिस्क वाचणारा भाग, ठणठणीत असतो. घरात नवा पीएस५ (सोनीचे प्लेस्टेशन ५) किंवा मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आलेला असतो, जुन्या मशीनच्या काळात जमवलेली डिस्क त्यात घातली जाते, पडद्यावर कसली तरी इंग्रजी सूचना येते आणि मालक थेट दुकान गाठतो. तक्रार एकच असली तरी तिच्या मुळाशी तीन अगदी वेगळी कारणे असतात. तो गेम त्या कन्सोलवर चालावा अशी सोय कंपनीने कधी केलेलीच नसते. किंवा सोय असते, पण अकाउंट, परवाना वा इंटरनेट यांत ती अडकलेली असते. किंवा मग डिस्क अथवा ड्राइव्ह खरोखर बिघडलेला असतो. पहिल्या कारणावर कोणताही कारागीर उपाय करू शकत नाही आणि दुसऱ्यासाठी कारागिराची गरजच नसते, म्हणून आपले कारण कोणते हे घरीच ओळखणे महत्त्वाचे आहे. खालच्या तपासण्या बिनखर्चाच्या आणि सोप्या पायरीपासून सुरू होतात. त्यांचा क्रम मोडू नये, कारण पुढची प्रत्येक पायरी मागची पायरी करून झाली आहे असे धरून लिहिली आहे.

लक्षणे

कन्सोल डिस्क आत घेतो, काही वेळ फिरवतो आणि पुन्हा बाहेर ढकलतो, किंवा डिस्क ओळखता आली नाही अशा अर्थाची सूचना दाखवतो. पीएस५ वर सीई-१००००५-६ हा क्रमांक दिसला तर डिस्क वाचण्यात अडचण आली असा त्याचा अर्थ आहे. एक्सबॉक्सवर डिस्क घातल्यावर गेम सुरू होण्याऐवजी डाउनलोड सुरू होते आणि इंटरनेट नसेल तर सगळे तिथेच थांबते. विकत घेतलेल्या डिजिटल गेमच्या चित्रावर कुलूप दिसते. गेम सुरू होतो, पण जुनी प्रगती सापडत नाही. जुनी हार्ड डिस्क जोडली तरी तिच्यावरचे गेम दिसत नाहीत. गेम दिसतो आणि सुरूही होतो, पण जुना कंट्रोलर प्रतिसाद देत नाही. शेवटचे लक्षण म्हणजे गेम अर्धा-पाऊण तास चालतो आणि मग कन्सोलच बंद पडतो.

या सर्व लक्षणांवर आधी एक साधी चाचणी करावी. त्याच कन्सोलसाठी बनलेली, चांगल्या स्थितीतली एखादी डिस्क मित्राकडून मागून आणावी आणि घालून पाहावी. ती विनातक्रार चालली तर ड्राइव्ह आणि लेन्स बहुधा शाबूत आहेत आणि दोष त्या जुन्या गेमपाशी किंवा अकाउंटपाशी शोधायचा आहे. ती डिस्कही चालली नाही, तर मधल्या पायऱ्या ओलांडून सफाईच्या आणि त्यापुढच्या भागाकडे जावे. या एका चाचणीने निम्मे काम होते, आणि तरीही ती करून आलेला ग्राहक क्वचितच भेटतो.

डिस्कवर काय छापले आहे ते वाचा

ही तपासणी फुकट आहे आणि सर्वांत जास्त वेळा उत्तर इथेच मिळते. अनेक गेम दोन पिढ्यांसाठी एकाच वेळी निघालेले आहेत. उदाहरणार्थ, फिफा १४ पासून फिफा १९ पर्यंतचे गेम पीएस३ वरही आले आणि पीएस४ वरही. मुखपृष्ठावर तोच खेळाडू, तेच नाव, रंगसंगतीही तशीच. जुन्या बाजारात घेताना फरक सहज नजरेतून सुटतो. त्यात जर कुणी पीएस३ ची डिस्क पीएस४ च्या निळ्या खोक्यात ठेवून विकली असेल, तर खोक्यावर विश्वास ठेवून चालत नाही.

डिस्क हातात घेऊन उजेडात धरावी आणि तिच्यावर बारीक अक्षरांत छापलेला क्रमांक वाचावा. सीयूएसए या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक पीएस४ चा असतो. पीपीएसए असेल तर पीएस५ चा. बीएलईएस, बीएलयूएस किंवा बीसीईएस असेल तर ती डिस्क पीएस३ ची आहे. एसएलईएस, एसएलयूएस किंवा एससीईएस असेल तर ती पीएस२ किंवा त्याहून जुन्या पहिल्या प्लेस्टेशनची आहे. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कची खालची बाजू काळी असते, त्यामुळे ती क्रमांक न वाचताही ओळखू येते. ज्या डिस्कवर छापील क्रमांक नाही, नाव मार्करने लिहिले आहे आणि खालची बाजू जांभळट दिसते, ती घरी किंवा दुकानात जाळून बनवलेली नक्कल आहे. चिप बसवलेल्या पीएस२ वर अशा नकला आपल्याकडे वर्षानुवर्षे चालल्या, पण आजचा कोणताही कन्सोल त्या स्वीकारणार नाही.

याच वेळी डिस्क योग्य बाजूने घातली आहे ना, हेही पाहावे. पीएस५ उभा ठेवला असेल तर डिस्कची छापील बाजू डावीकडे यायला हवी. आडवा ठेवला असेल तर ती वर यायला हवी. उभ्या कन्सोलमध्ये डिस्क उलटी घालणारे ग्राहक मला नेहमी भेटतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण उभ्या यंत्रावर कोणती बाजू ‘वर’ हे पाहून कळत नाही.

कोणता कन्सोल काय चालवतो आणि का

इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण कारण समजले की पुढे गेम विकत घेतानाही फसगत होत नाही.

जुना गेम म्हणजे एका ठरावीक प्रोसेसरसाठी आणि ठरावीक ग्राफिक्स चिपसाठी लिहिलेल्या आज्ञांचा संच असतो. नव्या कन्सोलचा प्रोसेसर त्याच घराण्यातला असेल तर जुन्या आज्ञा थोड्याफार फेरफाराने चालतात. घराणे वेगळे असेल तर दोनच मार्ग उरतात: जुनी चिप नव्या यंत्रात बसवायची, किंवा सॉफ्टवेअरकडून जुन्या यंत्राची नक्कल करून घ्यायची. पहिला मार्ग खर्चिक असतो आणि दुसऱ्याला ताकद व मेहनत दोन्ही लागतात. २००० साली आलेल्या पीएस२ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर होताच, म्हणून त्यात जुन्या डिस्क चालत. २००६ च्या सुरुवातीच्या पीएस३ मध्येही पीएस२ च्या चिपा बसवल्या होत्या, पण खर्च कमी करताना पुढच्या मॉडेलांतून त्या काढल्या गेल्या. म्हणूनच ‘माझ्या मित्राच्या पीएस३ वर पीएस२ ची डिस्क चालायची, माझ्यावर का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर त्या दोन पीएस३ च्या मॉडेलांत असते. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क मात्र प्रत्येक पीएस३ चालवतो.

पीएस३ चा सेल नावाचा प्रोसेसर सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून घडवला होता आणि त्याची रचना इतर सर्वांहून निराळी होती. पीएस४ पासून सोनीने एएमडीचा एक्स८६ घराण्यातला प्रोसेसर घेतला, तोच वारसा पीएस५ मध्ये आहे. परिणाम असा की पीएस४ चे चार हजारांहून अधिक गेम, म्हणजे जवळजवळ सगळे, पीएस५ वर चालतात. मोजके अपवाद आहेत आणि सोनीच्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर ते फक्त पीएस४ साठी असल्याचे लिहिलेले असते. पण पीएस३, पीएस२ किंवा पहिल्या प्लेस्टेशनची एकही डिस्क पीएस५ वर चालत नाही. पहिल्या प्लेस्टेशनचे गेम सीडीवर येत आणि पीएस५ चा ड्राइव्ह सीडी वाचतच नाही, त्यामुळे तिथे तर प्रश्न गेमपर्यंत पोहोचतही नाही. पीएस प्लस वर्गणीच्या वरच्या स्तरात जुने काही गेम मिळतात, पण भारतात तो स्तर डिलक्स नावाने आहे. त्यात पहिले प्लेस्टेशन, पीएस२ आणि पीएसपी (सोनीचा हातात धरून खेळायचा जुना कन्सोल) यांचे निवडक गेम डाउनलोड करता येतात. पीएस३ चे गेम इंटरनेटवरून थेट खेळण्याची जी सोय इतर काही देशांत प्रीमियम स्तरात आहे, ती डिलक्समध्ये नाही. परदेशी व्हिडिओ पाहून वर्गणी भरू नये, हे मी कळकळीने सांगतो.

एक्सबॉक्सची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते जुन्या गेमांच्या बाबतीत ती अधिक उदार आहे. एक्सबॉक्स ३६० चा प्रोसेसर पॉवरपीसी घराण्यातला, तर एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्स, सिरीज एस हे एक्स८६ चे. म्हणजे अडचण तीच. पण मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१५ पासून ३६० चे गेम एकेक करून नव्या यंत्रासाठी बांधून दिले, २०१७ पासून मूळ एक्सबॉक्सचेही काही घेतले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये शेवटची मोठी भर घालून परवान्यांच्या व तांत्रिक मर्यादांमुळे ते काम थांबवले. यादीत आता ६०० हून अधिक गेम आहेत. यादीत नाव असेल तर गेम चालेल, नसेल तर चालणार नाही आणि पुढेही चालण्याची आशा धरू नये. एक्सबॉक्स वनचे गेम मात्र किनेक्ट कॅमेरा लागणारे वगळता सर्वच सिरीज एक्स आणि एसवर चालतात. रेड डेड रिडेम्प्शन हे बोलके उदाहरण आहे: त्याची ३६० ची डिस्क सिरीज एक्सवर चालते, पीएस३ ची डिस्क पीएस५ वर चालत नाही, आणि प्लेस्टेशनवाल्याला २०२३ मध्ये पीएस४ साठी निघालेली आवृत्ती पुन्हा विकत घ्यावी लागली.

निन्टेंडोचा स्विच २ जून २०२५ मध्ये आला. आपल्याकडे तो बाहेरून आणलेलाच दिसतो. जुन्या स्विचची कार्डे त्यात बसतात आणि बहुतेक गेम चालतात, पण त्यासाठी सुरुवातीला एकदा इंटरनेट जोडून सिस्टिम अपडेट घ्यावे लागते. नवीन जॉय-कॉन (स्विचच्या बाजूंना लागणारे कंट्रोलर) आकाराने मोठे असल्याने आणि त्यांत जुना इन्फ्रारेड कॅमेरा नसल्याने काही गेमांना जुने जॉय-कॉन लागतात.

डिस्क ड्राइव्ह नसलेले मॉडेल घेतले असेल तर विषय तिथेच संपतो. सिरीज एसला बाहेरून डिस्क ड्राइव्ह जोडता येत नाही. २०२० च्या पीएस५ डिजिटललाही नाही. नंतरच्या बारीक पीएस५ ला वेगळा ड्राइव्ह लावता येतो, मात्र तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते. खेडेगावात ड्राइव्ह लावून ‘चालत नाही’ म्हणून परत आणणाऱ्यांना मी सर्वांत आधी मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करायला सांगतो.

इंटरनेट, अकाउंट आणि परवाना

गेम यादीत आहे, डिस्क योग्य आहे, तरी चालत नसेल तर आता इथे पाहावे.

एक्सबॉक्सवर ३६० ची डिस्क घातली की कन्सोल डिस्कवरचा गेम चालवत नाही. तो डिस्क ओळखतो आणि नव्या यंत्रासाठी बांधलेला पूर्ण गेम इंटरनेटवरून उतरवतो. डिस्क तिथे शेत नसते, सातबारा असते: मालकी तिच्यावरून सिद्ध होते, पीक दुसरीकडून येते. म्हणून पहिल्या वेळी इंटरनेट हवेच आणि पुढे प्रत्येक वेळी डिस्कही आत हवी. ३६० चा एका डिस्कवरचा गेम साधारण आठ जीबीच्या आत असतो, त्यामुळे रोजच्या मर्यादेच्या मोबाइल डेटावर तो एका दिवसात उतरेलच असे नाही; अर्धवट थांबलेले डाउनलोड हा बिघाड नव्हे. एक्सबॉक्स वनच्या डिस्कसाठी सिरीज एक्सवर पूर्वी होणारी ऑनलाइन तपासणी २०२२ च्या अपडेटने काढून टाकली, म्हणून कन्सोल अद्ययावत करून घेणे हाच अनेकदा उपाय ठरतो.

डिजिटल गेमवर कुलूप दिसत असेल तर पीएस५ वर सेटिंग्जमधील युजर्स अँड अकाउंट्स, तिथून अदर, आणि तिथे रिस्टोअर लायसेन्सेस हा पर्याय वापरावा. त्याच ठिकाणी कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले सुरू आहे का, हेही पाहावे. यामुळे खरेदी केलेल्या अकाउंटची नोंद या कन्सोलवर पक्की होते आणि इंटरनेट नसतानाही गेम उघडतो. एक्सबॉक्सवर याला होम एक्सबॉक्स म्हणतात. मात्र कुणा अनोळखी विक्रेत्याकडून स्वस्तात त्याच्या अकाउंटवरचा गेम घेतला असेल, तर त्या कुलपावर माझ्याकडे किंवा कुणाकडेही इलाज नाही. परवाना अकाउंटचा असतो, आणि ते अकाउंट तुमचे नाही.

खान्देशातल्या अनेक घरांतले कुणी ना कुणी आखाती देशांत नोकरीला आहे, आणि येताना तिथून डिस्क आणल्या जातात. पीएस४ आणि पीएस५ च्या डिस्कना देशाचे कुलूप नसते, त्यामुळे गेम चालतो. पण भारतीय अकाउंटवरून घेतलेला जादा भाग किंवा पीएस५ आवृत्तीचे अपग्रेड त्या डिस्कशी जुळेलच असे नाही. गेम चालतो पण विकत घेतलेला जादा भाग दिसत नाही, हे लक्षण असेल तर डिस्क कोणत्या देशातली आहे ते आधी पाहावे. जुन्या गेमचा ऑनलाइन भाग जोडला जात नसेल तर बहुधा कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केलेले असतात. मूळ एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा एप्रिल २०१० मध्येच थांबली. तिथे राउटर बदलून काही उपयोग होत नाही.

जुनी हार्ड डिस्क, कार्ड आणि कंट्रोलर

पीएस४ ला जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क काढून पीएस५ ला लावली की तिच्यावरचे पीएस४ चे गेम तसेच दिसतात आणि तिथूनच चालतात. दिसत नसतील तर ती कोणत्या छिद्रात लावली आहे ते पाहावे. २०२० च्या पीएस५ चे पुढचे चौकोनी यूएसबी छिद्र जुन्या, मंद प्रकारचे आहे. हार्ड डिस्क मागच्या छिद्रात आणि हबशिवाय थेट लावावी. पीएस५ चे गेम मात्र अशा हार्ड डिस्कवर फक्त साठवता येतात, चालवता येत नाहीत. एक्सबॉक्समध्येही हीच विभागणी आहे: एक्सबॉक्स वन, ३६० आणि मूळ एक्सबॉक्सचे गेम बाहेरच्या हार्ड डिस्कवरून चालतात, सिरीजसाठी खास बनवलेले चालत नाहीत. स्विच २ ला गेम साठवण्यासाठी मायक्रोएसडी एक्सप्रेस प्रकारचे कार्ड लागते. जुने कार्ड फक्त चित्रे आणि व्हिडिओ आणण्यापुरते उपयोगी पडते.

पीएस४ चा कंट्रोलर पीएस५ वर पीएस४ चे गेम खेळायला चालतो, पीएस५ चे गेम खेळायला चालत नाही. एक्सबॉक्स वनचा कंट्रोलर सिरीजवर चालतो, ३६० चा चालत नाही. कंट्रोलर दुरुस्तीला देण्याआधी एवढे पाहिले तरी पुरे.

सेव्ह हरवली असे वाटत असेल तर

या भागात घाई करू नये, कारण इथे झालेली चूक परत भरून निघत नाही. सेव्ह म्हणजे मुलांनी वर्षभर खेळून मिळवलेली, साठवून ठेवलेली प्रगती असते आणि ती पुसली गेली की कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाही.

एकाच गेमची पीएस४ आवृत्ती आणि पीएस५ आवृत्ती पीएस५ वर शेजारी शेजारी असू शकतात, आणि त्यांच्या सेव्ह वेगवेगळ्या असतात. पुष्कळदा सेव्ह हरवलेली नसते, फक्त दुसरी आवृत्ती उघडलेली असते. गेमच्या चित्रावरच्या तीन टिंबांच्या मेनूत जाऊन आवृत्ती बदलून पाहावी. पीएस४ ची सेव्ह पीएस५ आवृत्तीत नेण्याची सोय गेम बनवणाऱ्याने दिली असेल तरच ती नेता येते, आणि ती गेमच्या आतल्या मेनूत असते. पीएस४ अजून चालू असेल तर त्यातली सेव्ह पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी आणि त्याच अकाउंटने पीएस५ वर घ्यावी. पीएस५ च्या स्वतःच्या सेव्ह पेन ड्राइव्हवर जात नाहीत, त्यांना पीएस प्लसची क्लाउड, म्हणजे इंटरनेटवर साठवण्याची, सोय लागते. ३६० च्या सेव्हसाठी जुने यंत्र सुरू करून त्या क्लाउडवर चढवाव्या लागतात. म्हणजेच जुना ३६० भंगारात देण्याआधी हे काम उरकलेले असायला हवे.

डिस्कची सफाई

मऊ, कोरडे, सुती कापड घ्यावे आणि मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल गोल पुसू नये, कारण गोल ओरखडा माहितीच्या ओळीला समांतर जातो आणि सलग माहिती बुजवतो, तर आडवा ओरखडा तिला फक्त एका ठिकाणी छेदतो. थोडे पाणी लावल्यास हरकत नाही. पेट्रोल, थिनर किंवा टूथपेस्ट लावू नये.

टूथपेस्टचा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहितो. सीडीमध्ये माहितीचा थर वरच्या छापील बाजूला लागून असतो आणि खाली सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक असते. डीव्हीडीत तो मधोमध, सुमारे ०.६ मिलिमीटर खोल असतो. म्हणून या दोन्हींची खालची बाजू घासून गुळगुळीत करणारी बफिंगची यंत्रे काही वेळा उपयोगी पडतात. पीएस३, पीएस४, पीएस५ आणि एक्सबॉक्स वनच्या डिस्क ब्लू-रे असतात आणि त्यांत माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो. तिथे घासण्याला जागाच नाही. माझ्याकडे आलेल्या एका पीएस४ डिस्कवर मूळ ओरखडा नखाला लागणारही नाही इतका बारीक होता, पण त्याच्याभोवती पेस्टने घासून तयार झालेला पांढुरका, धुरकट गोल उजेडात स्पष्ट दिसत होता; ओरखड्यानिशी कदाचित वाचली गेली असती ती डिस्क त्या गोलामुळे कायमची गेली. सीडीच्या बाबतीत उलट काळजी घ्यावी: वरच्या छापील बाजूला खोल ओरखडा असेल तर खालची बाजू कितीही चमकत असली तरी ती डिस्क संपली.

ऊन, धूळ आणि वीज

पीएस५ साठी सोनीने ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सांगितले आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३५ ही मर्यादा सकाळीच ओलांडलेली असते. अशा वेळी कन्सोल बंद पडला तर तो स्वतःला वाचवत असतो. तो संध्याकाळी आणि टीव्हीच्या कपाटाबाहेर, चारही बाजूंनी वारा लागेल असा ठेवून चालवून पाहावा. कूलरचा झोत त्याच्यावर थेट सोडू नये. त्या हवेत ओलावा असतो.

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपासच्या घरांतून येणाऱ्या कन्सोलांच्या जाळ्यांवर मऊ, राखाडी नमदा जमलेला असतो. तो धुळीसारखा उडत नाही, बोटाने ओढला की पट्टीसारखा निघतो. पीएस५ बंद करून, वायर काढून, बाजूची पांढरी झाकणे काढून धूळ साचण्याच्या छिद्रांवरून कमी ताकदीच्या व्हॅक्यूमने हे साफ करता येते. झाकणे काढणे हे वापरणाऱ्याचेच काम म्हणून कंपनीने दिले आहे, त्यामुळे त्यात वॉरंटीला धोका नाही. स्क्रू मात्र उघडू नयेत.

खेळता खेळता वीज गेली की कन्सोलच्या साठ्यावर चालू असलेले माहितीचे लिखाण अर्धवट राहते आणि त्यानंतर गेम उघडताना बंद पडू लागतो. भारनियमन नेहमीचे असेल तर कन्सोल यूपीएसवर ठेवावा, निदान व्यवस्थित बंद करण्याइतका वेळ मिळतो.

शेवटची घरगुती पायरी: सेफ मोड

पीएस५ पूर्ण बंद करावा, मग पॉवरचे बटण दुसरी बीप ऐकू येईपर्यंत, म्हणजे साधारण सात सेकंद, दाबून धरावे. कंट्रोलर यूएसबी वायरने जोडावा आणि क्लिअर कॅशे अँड रिबिल्ड डेटाबेस हा पर्याय घ्यावा. यामुळे गेम पुसले जात नाहीत. कन्सोल आपल्या साठ्याची यादी नव्याने बनवतो, आणि वीज जाण्यामुळे बिघडलेली यादी दुरुस्त होते. त्याच मेनूत खाली रिसेटचे पर्याय आहेत, ते सर्व काही पुसतात, म्हणून निवडण्याआधी ओळ पुन्हा वाचावी. एक्सबॉक्सवर पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून पूर्ण बंद करावे, वायर काढून थोडा वेळ थांबावे आणि पुन्हा सुरू करावे. यानंतरही एकच गेम त्रास देत असेल तर तो काढून पुन्हा इन्स्टॉल करावा, सेव्ह सुरक्षित असल्याची खात्री करूनच.

इथे थांबा

चांगल्या स्थितीतल्या दोन-तीन वेगवेगळ्या डिस्कही चालत नसतील, ड्राइव्हमधून घरघर किंवा टकटक येत असेल, डिस्क आत अडकली असेल, जळका वास येत असेल किंवा वीज पडल्यावर वा विजेचा दाब वाढल्यावर कन्सोल बंद पडला असेल, तर पुढे स्वतः काही करू नये. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राशिवाय कुणालाही, मलाही, तो उघडू देऊ नये.

यामागे दोन ठोस कारणे आहेत. पीएस५ च्या मुख्य चिपवर उष्णता वाहून नेणारी साधी पेस्ट नसून द्रव धातू असतो. तो विजेचा वाहक आहे, आणि उघडताना तो शेजारच्या भागांवर सांडला तर ड्राइव्हच्या छोट्या कामातून मदरबोर्डचे मोठे काम उभे राहते. दुसरे म्हणजे २०२० च्या पीएस५ आणि सिरीज एक्स यांत डिस्क ड्राइव्हचे सर्किट त्याच कन्सोलच्या मदरबोर्डशी जोडी बांधलेले असते. भंगार कन्सोलमधून काढलेला अख्खा ड्राइव्ह बसवला तर तो फिरेल, पण गेम वाचणार नाही. त्यामुळे लेन्स किंवा यांत्रिक भाग बदलला तरी मूळ सर्किट बोर्ड तोच राहायला हवा. दुकानात कन्सोल देताना ‘बोर्ड आमचाच राहील ना?’ हे आधी विचारावे. काम झाल्यावर जी डिस्क घरी चालत नव्हती तीच तिथे लावून दाखवायला सांगावी, आणि बदललेला जुना भाग मागून घ्यावा. जाताना सोबत एक पीएस४ ची आणि एक पीएस५ ची चांगली डिस्क न्यावी, म्हणजे ड्राइव्हचा दोष आणि गेमचा दोष तिथल्या तिथे वेगळे करता येतात.